अण्णांचं लाकूड, आईचा ओटा

अण्णा, आईला आता नीट दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा झाला, पण डोळ्याचा आतला पडदाच विरत चाललाय, आहे तेवढी नजर सांभाळा, असं डॉक्टर म्हणतात. पांढऱ्यावर काळं ठेवलं तर तिला दिसतं. काळ्यावर काळं ठेवलं की ती वस्तू तिच्यापुरती नाहीशीच होते. आणि तुम्ही तर घरभर काळंच करून ठेवलंय. दारं, चौकटी, पलंग, कपाटं, भिंतीला लावलेल्या फळ्या, स्वयंपाकघरातली एकूण एक झडप, सगळं गडद पॉलिशचं, आणि खाली शहाबादी फरशी. श्रावणात मधल्या खोलीत पाटाला अडखळून ती पडली. हाड मोडलं नाही, कपाळाला टेंगूळ तेवढं आलं. पण पुण्याहून तुमचा लेक धावत आला आणि येताना एका घरं सजवणाऱ्या माणसालाच गाडीत घालून घेऊन आला. त्या माणसाने घरभर फिरून सांगितलं, एवढं डार्क लाकूड आता कोणी ठेवत नाही, सगळ्याला पांढरा रंग मारून टाकू. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, एकतर हे सगळं पांढरं करायचं, नाहीतर आईला मी पुण्याला नेतो. परत पडली तर कोण बघणार आहे?" आई पलंगावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मी हितनं हालनार न्हाई. माझं घर हाय."

मग मीच मधे पडले. म्हटलं, दिवाळीपर्यंत मला वेळ दे. मी घर लावते. लाकडाला ब्रश लागणार नाही आणि आईही पडणार नाही. भावाने अट घातली ती सरळ होती: दिवाळीला तो येईल, आईने कोणाचा हात न धरता पलंगावरून उठून स्वयंपाकघरात जायचं आणि त्याला चहा करून द्यायचा. जमलं तर ती इथे राहील, नाही जमलं तर सामान बांधायचं. मी लगेच हो म्हटलं. तुम्हाला माहीत आहे, मी एकदा हो म्हटलं की मग ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. हा गुण कोणाचा ते वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी सासरी राहात्याला परत जाताना एसटीत मी सगळा रस्ता तुमच्याच लाकडाचा विचार करत होते. तुमचा जन्म पाथर्डीकडचा, आईबापांबरोबर उसाच्या फडावर वाढलेले तुम्ही. पाचटाच्या कोपीला, म्हणजे त्या झोपडीला, दार नसायचं, रात्री कुत्रं आत येऊन भाकरी पळवायचं, हे तुम्ही हसत सांगायचात. पण नागापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागून नगरला घर बांधलं तेव्हा जिथे गरज नाही तिथेही तुम्ही दार बसवलंत, ते काही हसण्यावारी नव्हतं. लाकूड मात्र एका जातीचं कुठे होतं! पाडलेल्या घरांचं सागवान, गावाकडचा लिंब, बाभळीच्या फळ्या, मशिनरीच्या खोक्यांची पांढरी लाकडं, मिळेल ते तुम्ही सायकलवर बांधून आणायचात. मग ती सरमिसळ दिसू नये म्हणून लाखेचं पॉलिश, त्यात गडद रंग. मला अजून तो रविवार दिसतो. स्वयंपाकघरात झडपा भिंतीला टेकवून ठेवल्यात, तुम्ही उकिडवे बसून जुन्या सुती धोतराचा बोळा फिरवताय, स्पिरिटच्या वासाने माझं डोकं गरगरतंय आणि आई म्हणतेय, आज चहाला पण पॉलिशचाच वास येतोय. तुम्ही मान वर न करता म्हणता, "आता बघ. कोन कुठनं आलंय, कुनाला कळतंय का?"

आणि ती पट्टी! कारखान्यात तुम्ही लाकडी नमुने करायचात, त्यावरून लोखंडी भाग ओतायचे. लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून नमुना जरासा मोठा ठेवायचा आणि त्यासाठी पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून थोडा लांब. आपल्या घरचा पहिला पलंग तुम्ही सवयीने त्याच पट्टीने केलात. बाजारची गादी आणली तर पायथ्याशी बोटभर फट. माझ्या पेन्सिली, कंगवे, एकदा तर आईची जोडवी त्या फटीत गेली. गल्लीतले लोक विचारायचे, काय मिस्त्री, पलंग वितळवून ओतायचा होता का? तुम्ही शांतपणे म्हणालात, "थंड झाल्यावर बसंल." आणि चूक कबूल करायची सोडून पुढची कपाटंही त्याच पट्टीने केलीत, पलंगाला जोड व्हावी म्हणून. तेव्हापासून आपल्या घरात भांडण झालं, कोणी रुसलं, पाहुण्याशी वाकडं आलं की एकच उत्तर: थंड झाल्यावर बसंल. माझ्या सासरीसुद्धा हे वाक्य आता चालतं, कुठून आलं ते कोणाला ठाऊक नाही.

तुम्ही मला फारसं कधी रागावला नाहीत. एकदाच बोललात. कॉलेजातली मैत्रीण घरी आली होती आणि मी तिच्यासमोर म्हटलं, आमचं घर म्हणजे अंधारकोठडी आहे. तुम्ही हातातला रंधा खाली ठेवलात. "उजेड भाईर फुकट हाय," म्हणालात, "लागंल तेवढा घे. घरात मानसाला सावली पायजे. ती फुकट मिळत न्हाई." मैत्रीण कावरीबावरी झाली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जिथे एक झाड नाही अशा फडावर भर दुपारी मोळ्या बांधणाऱ्या पोराला सावली म्हणजे काय वाटत असेल, हे नंतर माझ्या डोक्यात शिरलं. तेव्हापासून कोणी आपल्या घराला काळं म्हटलं की माझं पित्त खवळतं. त्या सजावटवाल्याचंही म्हणून पटेना.

तर कामाला लागले. दर आठवड्याला राहात्याहून यायचं, बागेत पेरूचा तोडा सुरू असला तरी यायचं, घरचे काही म्हणोत. पहिल्यांदा भिंती. तुमचा तो शेवाळी हिरवा खरवडून दुधी पांढरा दिला, आणि अण्णा, दुसऱ्या दिवशी आई उंबऱ्यापाशी उभी राहून म्हणाली, "दार दिसतंय की गं!" पांढऱ्या भिंतीत तुमची काळी चौकट तिला काजळाच्या रेघेसारखी उठून दिसत होती. मला नाचावंसं वाटलं. भावाचं ऐकून सगळंच पांढरं केलं असतं तर पांढऱ्यात पांढरं, बिचारीला दार सापडलं नसतं! लगेच फोन करून त्याला हे ऐकवलं. मग पलंगावर पांढरी चादर, काळ्या खुर्च्यांवर फिकट गाद्या, मरून पडदे काढून बिनरंगी मांजरपाटाचे, पायरीच्या कडेला पांढरा पट्टा, पाट सगळे माळ्यावर. पडद्यांचं माप घ्यायला ड्रॉवरमधली पट्टी घेतली ती नेमकी तुमची निघाली. सगळे पडदे आखूड! शिंपी म्हणतो, ताई, माप तुमचंच. आई हसून हसून बेजार झाली. उजेड वाढावा म्हणून खिडकीसमोर मोठा आरसा लावला तर आई त्याला म्हणाली, "या, बसा." परकी बाई आलीय असं समजून दोनदा तिने चहाचं विचारलं. आरसा उतरवला.

पण स्वयंपाकघर काही केल्या ऐकेना. तिथे भिंत दिसायलाच जागा नाही, वर-खाली तुमच्या झडपाच. मधे काळ्या कडप्प्याचा ओटा, त्यावर काळी शेगडी. पांढरी कापडं टाकली तर गॅसजवळ भीती. झडपांखाली ट्यूब लावल्या तर पॉलिश असं चमकायचं की आई डोळे मिटून घ्यायची. गॅसचं बटण तिच्या हाताला सापडायचं नाही, एकदा दुधाचं पातेलं तिने ओट्याच्या कडेबाहेर ठेवलं आणि दूध पायांवर सांडलं. गार होतं म्हणून बरं. दसरा उलटून गेला होता. मी टेकून बसले. तेव्हा आई म्हणाली, "ह्या झडपांना पिवळा रंग दे. हळदीसारका."

मी म्हटलं, "आई, अण्णांनी केलंय ते."

"तेंनी केलं. सैपाक कुनी केला?"

मग ती बोलत सुटली, माझ्याकडे न बघता, ओट्यावर हात फिरवत. "लगीन झाल्यावर ऱ्हायलो त्या कोपीला दार नव्हतं, ते तेंच्या मनाला लई लागलं हुतं. पन उजेड हुता गं. चुलीपुढं बसलं की आभाळ दिसायचं, भाकरी कुठं करपली ते दिसायचं. हितं आल्यापासनं सगळा जनम अंदारात कांदा चिरला मी. तेंना सावली पायजे हुती, मला उजेड पायजे हुता."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"एवढा आनंद झाल्ता मानसाला. तवा कुठं बोलायचं? ऱ्हायलं."

खरं सांगते, मला तिचा राग आला. तुमच्या बाजूने एवढी झुंजले आणि जिच्यासाठी झुंजले तिनेच फितुरी केली असं वाटलं. राहात्याला निघून आले, आठवडाभर फोनवर तुटक बोलले. ती एवढंच म्हणाली, "थंड झाल्यावर बसंल." मग मलाच माझी लाज वाटली. घर तिचं, डोळे तिचे, आणि मी मात्र तुमच्या पॉलिशची राखण करत बसलेय. दुकानातून हळदी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणि पॉलिशपेपर घेतला आणि नगर गाठलं. कारागीर बोलावला नाही. तुमचं पॉलिश घासायचं तर दुसऱ्याच्या हाताने नको, असं ठरवलं. घासताना खालून एकेक लाकूड बाहेर येत गेलं, इथे लिंब, इथे खोक्याची पांढरी फळी, तिच्यावर परक्या लिपीतली पुसट अक्षरंसुद्धा. मी थांबले नाही. नाकाला ओढणी बांधून दोन हात रंग दिला. बाकी घरातल्या लाकडाला मात्र बोटही लावलं नाही, ते तुमचं तसंच काळं आहे.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी भाऊ आला, रिकामी बॅग घेऊनच. आई पलंगावरून उठली. पांढऱ्या भिंतीतली काळी चौकट तिने नजरेनेच धरली, हाताने नाही. स्वयंपाकघरात पिवळ्यापुढे काळी शेगडी उभी होती, तिने बटण धरलं, गॅस पेटवला, आलं किसलं. मी दारात उभी, पुढे जायचं नाही म्हणून स्वतःचेच हात धरून. तिने कप आणून लेकाच्या हातात दिला आणि विचारलं, "साखर बराबर हाय का?" त्याने मान हलवली. जरा वेळाने ती रिकामी बॅग त्याने स्वतःच पलंगाखाली सरकवली आणि म्हणाला, "आणखी अर्धा कप दे."

अण्णा, हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार, आणि आईला तरी काय म्हणून वाचून दाखवणार! पण एक सांगायचं होतं म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून त्या घरात पाऊल टाकलं की प्रत्येक वेळी मला तुम्ही आठवता, एकदाही चुकलं नाही. आई त्या पिवळ्या उजेडात आलं किसत होती ना, तेवढा वेळ मला तुमची आठवण आली नाही.