खोक्यात राहिलेला अ‍ॅडॉप्टर

प्रिय बारक्या,

पत्र हाताने लिहिते आहे याचं नवल वाटेल तुला. फोनवर तुझ्याशी बोलायला गेलं की दुसऱ्याच मिनिटाला तू उपाय सांगायला लागतोस, आणि मला या वेळी उपाय नको आहे, तू गप्प बसून ऐकायला हवा आहेस. पत्राला मध्ये तोडता येत नाही, एवढी एक सोय आहे. बारक्या म्हटलेलं तुला आवडत नाही हेही ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेल्या, ज्याच्या घराचे फोटो मासिकात छापून येतात अशा माणसाला कोण बारक्या म्हणणार? आई म्हणते. म्हणून मीही म्हणते.

इकडे सगळं चालू आहे. पुढच्या खोलीतल्या दुकानात लोक अजूनही फाटके, ओल लागलेले, वाळवीने कुरतडलेले फोटो घेऊन येतात आणि आत गेलेला माणूसच बाहेर काढून द्या अशा चेहऱ्याने स्टुलावर बसून राहतात. मी कुणाचं नाक भरून देते, कुणाचा अर्धा गाल. परवा एका बाईंना त्यांच्या सासऱ्यांचा फोटो करून दिला तर म्हणाल्या, इतके प्रसन्न ते कधीच नव्हते, थोडा त्रासिकपणा परत घाला. घातला. आई आतल्या खोलीत खिडकीशी बसलेली असते. जेवण ठीक आहे, वजन टिकून आहे, रात्री दोनदा उठते. तू दर महिन्याला विचारतोस तेवढ्या प्रश्नांची उत्तरं इथे संपली.

माझ्या पन्नाशीला तू आलास तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्यानंतर तू आलेला नाहीस. दोन वर्षं होतील. येताना तो पांढरा, गुळगुळीत कॉम्प्युटर घेऊन आला होतास, मिठाच्या डब्याएवढा. माझ्या जुन्या सीपीयूला पुढे चार आणि मागे आठ पोर्ट होते आणि प्रत्येकात काही ना काही खुपसलेलं असायचं. तो तू त्याच दुपारी भंगारवाल्याच्या हातात दिलास. मी आपली नव्या डब्याभोवती चष्मा लावून फिरत होते. पुढे एक पोर्ट नाही, मागे मोजून दोन. तू हसलास. आता अशीच पद्धत आहे म्हणालास, कॉम्प्युटर साधा ठेवायचा आणि ज्याला जास्त पोर्ट लागतील त्याने बाहेरून हब लावायचा. मग पट्टीएवढा एक हब काढलास, सात पोर्टचा, आणि टेबलाच्या पोटाला टेपने चिकटवलास. स्कॅनर, प्रिंटर, दोन हार्ड डिस्क, कार्ड रीडर, कीबोर्ड, माऊस. सात पोर्ट, सात वस्तू, आणि टेबलावर एक वायर दिसेना. तू टेबलाचा फोटोही काढलास. मला खरंच छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

हबच्या खोक्यात एक छोटा काळा अ‍ॅडॉप्टर शिल्लक राहिला होता. तो मी हातात घेऊन विचारलं, हे कशाचं. तू म्हणालास ते लागत नाही, उगाच भिंतीपर्यंत आणखी एक वायर दिसेल. खोकं बंद करून माळ्यावर टाकलंस. तुला हे आठवत नसणार. मला आठवतं, कारण या घरात कुठली वस्तू कुठे टाकली हे आठवण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आईची आधी नावं जातील. चेहरे त्यामानाने टिकतात, पण नावं पहिली. काही विचारून घ्यायचं असेल तर आता घ्या. तुलाही मी हे सांगितलं होतं आणि तू म्हणाला होतास की छान कल्पना आहे, कर. मी केलं. आईची पत्र्याची ट्रंक उघडली, सहाशे अकरा फोटो निघाले. रोज दुपारी दुकानाचं दार लोटून घ्यायचं, तिला शेजारी बसवायचं, एकेक फोटो स्कॅन करायचा आणि माणसाचं नाव व ती पुढे जे सांगेल ते जसंच्या तसं फाइलचं नाव म्हणून टाकायचं. आईची मधली मावशी, चष्मा उसना. बाबांचे हेडक्लार्क, हसताना पहिल्यांदाच. डावीकडचा पोहायला गेला तो आला नाही, उजवीकडचीने दुसरं लग्न केलं नाही. आपल्या आईला लोकांबद्दल इतकं तिखट बोलता येतं हे मला पन्नाशीत कळलं. त्या दुपारी आम्ही दोघी पोट धरून हसायचो. आयुष्यात आईने मला कधी समोर बसवून काही सांगितलं असेल तर ते तेव्हाच. एरवी मला कामं सांगितली जायची.

आता माझी चूक लिहिते, म्हणजे सगळं तुझ्याच गळ्यात मारते आहे असं व्हायला नको. ही नावं मी दुसरीकडे कुठेही लिहिली नाहीत. वही केली नाही, आणि फोटोच्या पाठीवर तर मुळीच नाही. तीस वर्षं गिऱ्हाइकांना ओरडत आले आहे की फोटोच्या पाठीवर लिहू नका, शाई पुढे उमटते, चेहऱ्यावर डाग पडतो, आणि मग तो डाग काढायला माझ्याकडेच येता. दुसऱ्यांच्या आज्यांचे चेहरे वाचवण्याचा हा नियम मी स्वतःच्या घरातही पाळला. शिवाय दोन डिस्क होत्याच. एकीचं सगळं आपोआप दुसरीवर उतरत होतं, तूच तसं लावून दिलं होतंस. दोन म्हणजे सुरक्षित, असं मी धरून चालले.

डिस्क गेल्या त्या दिवशी एक गिऱ्हाईक घाईत होतं, त्याचं कार्ड रीडरमध्ये होतं. प्रिंटर चालू होता. एका डिस्कवरून दुसरीवर उतरवणं सुरू होतं, आणि मी आईचा पाचशे ऐंशीवा का नव्वदावा फोटो स्कॅनरवर ठेवून बटण दाबलं. एरवी मी एका वेळी एकच काम करते म्हणून इतके दिवस निभावलं होतं. स्कॅनरचा दिवा पेटला आणि टेबलाखाली टिक टिक असा आवाज सुरू झाला. मला वाटलं, आई कपावर चमचा वाजवते आहे. मग पडद्यावरून दोन्ही डिस्क एकदमच गेल्या. मी तुला फोन केला. तू मीटिंगमधून कुजबुजत बोलत होतास. काढून परत लाव म्हणालास, मी चारदा काढून लावलं. मग पडद्यावर प्रश्न आला की डिस्क वाचता येत नाही, नव्याने तयार करू का. तू म्हणालास, हो म्हण. मी हो म्हटलं. दुसरीलाही हो म्हटलं. नव्याने तयार करणं म्हणजे आधीचं पुसणं, हे मला नंतर कळलं. उंटावरून शेळ्या हाकणारा तू आणि त्या हाकल्या जाऊ देणारी मी.

दुरुस्तीवाला आला तो सरळ टेबलाखाली आडवा झाला. हबला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इस्त्रीसारखा तापला होता. एवढी सगळी यंत्रं कॉम्प्युटरच्या एका भोकातून निघणाऱ्या विजेवर जगवत होतात का, असं त्याने मला विचारलं. अशा हबला स्वतःची वीज लागते, याचा अ‍ॅडॉप्टर कुठे आहे. मी स्टूल घेतलं, माळ्यावरचं खोकं काढलं. प्लास्टिकची पिशवीसुद्धा फाडलेली नव्हती. आत घडी घातलेला कागद होता, त्यावर चित्र काढून दाखवलं होतं की डिस्क जोडणार असाल तर हे लावा. काखेत कळसा म्हणतात तो आपल्या घरात सव्वा वर्ष माळ्यावर होता. दुरुस्तीवाल्याने डिस्क नेल्या आणि पंधरा दिवसांनी आणून दिल्या. फोटो मिळाले, म्हणाला खुशीत. मिळाले होतेच. पण फाइलींची नावं गेली होती. एक, दोन, तीन, असे नुसते आकडे. चेहरे सगळे जागेवर, आणि नाव एकाचंही नाही. फोटो तर ट्रंकेत होतेच, बारक्या. मला नावं हवी होती.

तुला हे कळवलं तेव्हा तू मला बॅकअप नेहमी तिसऱ्या ठिकाणीही ठेवायचा असतो हे समजावून सांगितलंस. वरातीमागून घोडं. मग आठवड्याने एक पार्सल आलं. आत डॉक होता, हबचाच मोठा भाऊ, बारा पोर्टचा, त्या डब्याच्या बुडाखाली अगदी मापात बसणारा, दिसायला देखणा. चिठ्ठी होती की आता काही अडचण येणार नाही. मी तुझ्या माफीची वाट बघत नव्हते. तू येशील असं मात्र वाटलं होतं. तो डॉक मी उघडला नाही. आठ महिने झाले, तुझ्या चिठ्ठीसकट कपाटात आहे. मला तुझा राग आला, अजून आहे, आणि तो अ‍ॅडॉप्टरचा नाही. तुझं सगळं पुढून नेहमी गुळगुळीत राहत आलं आहे. बाबांचं आजारपण, आईच्या तपासण्या, घराची गळती, जे जे लोंबकळतं ते मागे माझ्याकडे जोडून तू टेबलाचा फोटो काढून निघून जातोस.

मी पुन्हा सुरुवात केली होती. मला स्वतःला ऐंशीएक फोटो आठवत होते, ते भरले. बाकीचे आईपुढे धरले. पण मधल्या काळात ती फार पुढे निघून गेली आहे. मावशीच्या फोटोवरून बोट फिरवते, चष्मा छान आहे म्हणते आणि माझ्याकडे असं बघते की आता जाऊ द्या ना बाई. हो, मला ती बाई म्हणते. स्वयंपाक बरा करता म्हणते. एका संध्याकाळी मी तिला तो अंगणातला फोटो दाखवला, दोन वेण्यांची मी दहा वर्षांची आणि माझ्या कडेवर तू, नाक वाहणारा. तिचा चेहरा एकदम उजळला. बारक्या, म्हणाली. मी विचारलं, आणि ही? तिने जरा विचार केला आणि सांगितलं की ही त्याला सांभाळायला ठेवलेली मुलगी, चांगली होती, कुठे गेली कोण जाणे. मी आत जाऊन पातेली घासत बसले. घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी रागारागानेच तू असलेले सगळे फोटो वेगळे काढले. अडतीस निघाले. एकात तू एका लठ्ठ बाईंच्या मांडीवर आहेस. आई बारक्या म्हणाली, आणि मी काही विचारायच्या आत पुढे म्हणाली की शेजारच्या मास्तरीणबाईंच्या मांडीवर बसला की उठायचाच नाही. नाव सांगितलं, त्यांच्या मुलीचं सांगितलं, तिच्या नवऱ्याचंही. तीन नावं एका दमात. मी पुढचा फोटो ठेवला, तिथेही तसंच. तू असलास की तुझ्या आजूबाजूचे सापडतात. तू नसलेला फोटो ठेवला की पुन्हा कोरी. नऊ फोटो झाले, मग थांबली, आणि दरवाजाकडे बघत विचारत राहिली की तो स्वतः का येत नाही. तेव्हापासून रोज विचारते आहे. तिच्याकडे आता जोडायला एकच जागा उरली आहे, आणि ती माझ्याकडे नाही. बावन्न वर्षांच्या बाईला हे लिहिताना काय वाटतं ते तुला कळावं असं वाटतं, पण ते राहू दे.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळी मी आईला तुझ्याकडे आणून सोडते आहे. विचारत नाही, कळवते आहे. सूड म्हणून नाही असं लिहिणार होते, पण थोडा आहे. तिच्या बॅगेबरोबर ट्रंक, दोन्ही डिस्क, स्कॅनर आणि तुझा तो डॉक येईल. त्याचं खोकं आज पहिल्यांदा उघडलं आणि अ‍ॅडॉप्टर वर, हाताला लागेल असा ठेवला आहे. भिंतीपर्यंत वायर दिसेल, दिसू दे. रोज दुपारी तिच्या शेजारी बस. दुसऱ्या खोलीतून बोलू नकोस. आधी तुझे अडतीस फोटो घे, मग त्यांतल्या माणसांचे, मग त्या माणसांच्या माणसांचे. जितकं मिळेल तितकं. डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत, तुझं नावही जाणारच आहे. अंगणातला तो फोटो मी सगळ्यात खाली ठेवला आहे. त्याच्यावर आलास की तिला विचार, ही मुलगी कोण. तू सांगू नकोस, फक्त विचार. सांभाळायला ठेवलेली म्हणाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. आणि एखाद्या दुपारी तिला आलंच माझं नाव, तर त्याच क्षणी फोटोच्या पाठीवर लिहून ठेव. शाईने लिहिलंस तरी चालेल.

अजून तरी तुझीच,
ताई