हॅलोरन, लोकसंख्या १८७

१९ ऑगस्ट
पोहोचलो एकदाच्या. फुकटचं घर म्हणजे गळकं खोपटं असणार, अशी मनाची तयारी करून आले होते. निघालं पांढरंशुभ्र, पुढे ओसरी, मागे सफरचंदाचं झाड. शाळा बंद पडू नये म्हणून हॅलोरनवाले लेकुरवाळ्यांना घर देतात, वर मला शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी. घटस्फोटात लॉइडने मला जुनी गाडी आणि पोरगी दिली. दोन्ही बडबड करतात, पण आर्डिसची निदान कळते तरी.

रस्ता आपला कॅन्ससचा. दोन्हीकडे लाल ज्वारी, दर मैलाला काटकोनात फाटा, बाकी नाकासमोर. फक्त गावाच्या तोंडाशी तो एकदम डावीकडे सरकतो आणि मग पुन्हा उत्तरेला लागतो. जुन्या मोजणीवाल्यांनी गोल पृथ्वीवर चौकोन आखले. जिथे जुळेनात, तिथे रस्ता मुरडला. हॅलोरन त्या मुरडीत बसलंय. पाटीवर लोकसंख्या १८७. मनात म्हटलं, आता १८९ करा.

पाटीपाशी एक म्हातारी उभी होती. तिने बोट वर केलं, मीही स्टिअरिंगवरून बोट उचललं. इकडे ओळख असो-नसो, बोट उचलतातच. मागून आर्डिसनेही हात हलवला. ती म्हातारी आमची शेजारीण निघाली, विल्मा स्टकी. संध्याकाळी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं गरमागरम कॅसरोल घेऊन आली. आर्डिसचे गाल कुरवाळता कुरवाळता रडलीच. एकटी असेल बिचारी.

७ सप्टेंबर
काम बरं आहे. मुलं गुणी आहेत, वाढलेलं निमूट खातात. आर्डिसचा पुढचा दात हलतोय, त्यामुळे सफरचंदं बंद. विल्माची नात लॉटी आम्ही आलो त्याच दिवशी गाव सोडून गेली म्हणे. रेल्वेवाल्याचा मुलगाही. कॉलेजला का, असं विचारलं तर विल्मा म्हणाली, तिसरीत होती. मी थट्टा समजून हसले. ती हसली नाही.

पाटीवर अजून १८७च आहे. नव्या माणसांची दखल घ्यायला या गावाला वेळ नाही.

३ ऑक्टोबर
दात अजून हलतोच आहे. पडत नाही, मागचा वरही येत नाही. महिन्यापूर्वी जेवढा हलत होता तेवढाच.

आज शाळेच्या कोठीचं दार पुसलं. आतल्या बाजूला मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत, नावांसकट. रेघा वर चढलेल्याच नाहीत. प्रत्येक नावापुढे एकाच रेघेवर रेघ मारून लाकडात खाच पडलीय.

शाळेच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सवयीने मारतो.

११ ऑक्टोबर
चर्चमागच्या दफनभूमीत गेले होते. सगळ्यात नवा दगड माझ्या आईच्या जन्माआधीचा. परत येऊन विल्माला कुंपणापाशीच गाठलं. तिने लपवलं नाही. म्हणाली, रेल्वे गेली, बँक गेली, माणसं गळायला लागली, तेव्हा सगळ्यांनी चर्चमध्ये गुडघे टेकून मागितलं की यापुढे एकही कमी होऊ देऊ नकोस. ऐकणाऱ्याने ऐकलं. तो कोण होता, ते ती सांगेना.

कमी होत नाही, जास्तही होत नाही. दोघं आत आली की दोघं सुटतात. आत आणायचं कसं, तर पाटीपाशी उभं राहून बोट वर करायचं. समोरच्याने उलट बोट उचललं की तो गावचा झाला.

मी तिला काय नाही ते बोलले. ती कुंपण धरून उभी राहिली.

"शिव्या दे बाई, हव्या तेवढ्या दे. पण माझी लॉटी कितीतरी वर्षं आठ वर्षांची होती. तू काय केलं असतंस, ते सांग."

शहरातली असते तर ढुंकून पाहिलं नसतं आणि वाचले असते. आमच्या रीतभातीला आग लागो.

१२ ऑक्टोबर
आर्डिसला गाडीत घातलं आणि निघाले. मुरड ओलांडली, सरळ दक्षिणेला. ज्वारी, ज्वारी, मग रस्ता डावीकडे सरकला. पाटी. १८७.

पुन्हा. पूर्वेकडून. तेच.

आर्डिस विचारत होती, आपण गोल गोल का फिरतोय.

२० ऑक्टोबर
लॉइडला फोन केला, पोरीला घेऊन जा म्हटलं. आज त्याचा उलट फोन. अख्खी दुपार त्या रस्त्याने हिंडला म्हणे, मुरडीत नुसतं ज्वारीचं रान आहे, गावबिव काही नाही. पोरगी लपवायची ही नवी तऱ्हा काय, म्हणाला. वकिलाकडे जातोय.

जा बाबा. कुणाकडेही जा.

४ नोव्हेंबर
आर्डिस गप्प झालीय. बाकीच्या मुलांसारखी निमूट जेवते. मी तिला चिडवते, खोड्या काढते, की जरा भांडेल — नाही.

तिने मोठं व्हावं. माझ्याशी तोंड वर करून बोलावं. दार आपटावं. एवढंच मागतेय.

९ नोव्हेंबर
विल्मा आली. परवा दुसरं कुटुंब येतंय, बाई आणि मूल. चर्चमध्ये ठरलं की सुटायची पाळी आर्डिसची आणि टपालवाल्याच्या पोराची. माझी नाही, शाळेला स्वयंपाकीण लागतेच.

पाटीपाशी कोण उभं राहणार, ते तिने सांगितलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

१० नोव्हेंबर
नाही करणार. त्या येणाऱ्या बाईलाही लेकरू आहे.

नाही —

आर्डिसला बापाचं आडनाव आठवेना आज.

११ नोव्हेंबर
पाटीखाली बसलेय. दुपार आहे, ऊन आहे. आर्डिसला जाड कोट घातला, खिशात लॉइडचा पत्ता. मुरडीपाशी टपालवाल्याच्या पोराचा हात धरून उभी आहे. मागे बघू नकोस म्हटलं तर बघत नाही. इतकी गुणी कधीपासून —

धूळ दिसतेय. गाडी.

बाईच चालवतेय. कॅन्ससचीच नंबरप्लेट. परक्या राज्याची असती तर — देवा, तिने दुसरीकडे बघावं —

नको. बघू दे.

मागे मुलगी आहे. खिडकीला नाक लावून. पाच-सहा वर्षांची असेल, आणि आता कायमची —

उठले. बाई माझ्याकडे बघून हसतेय. माझं बोट —