कोळ्याचं कार्ड

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, मान खाली घालून, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (तुझ्या मुलाकडून रोज कळतं, तरी विचारतो.) माझी तब्येत उत्तम आहे, फक्त पोटात दुखतं, आणि तेही तुझ्या चिरंजीवांमुळे.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत मीच त्याला चिकटवला, हे मान्य. (अक्षर चांगलं म्हणून. बरं, भाचा म्हणूनच.) परवा त्याच्या वाट्याला 'अरॅक्नॉइड' हा इंग्रजी शब्द आला. अर्थ, जाळं विणणाऱ्या कोळ्यासारखा. माझी एकवीस वर्षांची पद्धत अशी की शब्दाच्या कार्डावर व्युत्पत्तीच्या रकान्यात 'ग्रीक' एवढंच लिहायचं आणि चहाला उठायचं. यानं कार्ड गच्च भरलं: ग्रीकमध्ये 'अराख्नी' म्हणजे कोळी, 'ऑइड'च्या मुळाशी 'रूप', मेंदूवरच्या एका पातळ पापुद्र्यालाही हेच नाव, कारण तो जाळ्यासारखा दिसतो. वर ग्रीकांची जुनी कथा: एका विणकर मुलीचं कापड देवीच्या कापडाइतकं सरस निघालं, देवीनं जळफळून ते फाडलं आणि मुलीला कोळी करून टाकलं. संपादकांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. माझं कार्ड त्यांनी असं एकदाच वाचलंय (चूक दाखवायला). सोमवारी हे कार्ड समितीपुढे ठेवून तुझ्या मुलाला नोकरीत कायम करणार म्हणाले. खरं सांगतो ताई, मी जळून कोळसा झालो. कथेतली मुलगी सगळ्यांना आवडली. मला देवीचं पटलं.

आमच्याकडे कार्डाची नक्कल नसते, आणि चुकीच्या खणात गेलेलं कार्ड वर्षानुवर्षं सापडत नाही. आज जेवणाच्या सुट्टीत मी ते उचलून शेवटच्या अक्षराच्या खणात सारलं. दुपारभर तो एकेक खण उपसत होता. मीही शोधल्याचं सोंग करत वाकलो, तर म्हणाला, "मामा, तुम्ही नका वाकू, कंबर धरेल तुमची." मग मला बसवेना. तो पाणी प्यायला गेला तेव्हा कार्ड काढून खिशात घातलं. पण तोवर बोभाटा संपादकांपर्यंत गेला होता, परत ठेवायचा धीर झाला नाही.

बाकी सर्व ठीक.

तुझा धाकटा

ता.क. कार्ड सोबत आहे. त्याच्या धुवायच्या शर्टाच्या खिशात सापडलं असं सांगून सोमवारच्या आत त्याला दे. तुझ्यावर तो विश्वास ठेवेल. पत्र जाळून टाक.

ता.ता.क. पाकिटात घालताना कार्डाची मागची बाजू पाहिली. तिथे त्यानं बारीक अक्षरात लिहिलंय: 'शब्दाच्या मुळाशी जायला मामांनी शिकवलं.' मी असं काही शिकवल्याचं मला तरी आठवत नाही. वाचून रडू आलं. तेव्हा शर्टाचं राहू दे, पत्रही जाळू नकोस. हे त्यालाच वाचायला दे. फक्त एक सांग त्याला. संपादक कार्डाची मागची बाजू कधीच बघत नाहीत. ती ओळ पुढच्या बाजूला घे म्हणावं.