जावयाचा जिताडा

बुधवार, ८ जून २०१६

जिताडा मासा इथेही आहे! तळ्यात वाढवलेला, आमच्या पेणला असतो तसाच. इथले लोक त्याला सियाकाप म्हणतात. म्हणोत बापडे. परदेशात, लेकीच्या बुकित बातोकच्या या फ्लॅटमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच जरा हुशारी वाटली.

आमच्या खारेपाटात सासऱ्याने जावयाला जिताडा द्यायचा असतो. आपल्या हाताने धरलेला. विकतचा दिला तर गाव हसतं. उल्काने सुबोधरावांशी लग्न इथेच उरकलं, आम्हाला कळवलं नंतर. पाच वर्षं मी लेकीशी बोललो नाही. आता बोलतो, राहायलाही आलोय — पण जिताडा दिलेला नाही, तोवर जावई अर्धाच! पुढच्या आठवड्यात परत निघायचंय. त्याच्या आत द्यायचाच.

गुरुवार, ९ जून

सुबोधरावांना गळाचा नाद आहे. सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जातात. पण काय हा नाद! गळाला कोळंबी नाही, गांडूळ नाही — पिसांची खोटी माशी बांधतात. "फ्लाय फिशिंग, बाबा." बरं, मिळालेला मासा सोडून देतात! घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवावा, तसलं हे. जावई पुण्याचा, आणि पुणेकरांचं सगळंच उफराटं. म्हटलं, शनिवारी मीही येतो, पण मी सोडणार नाही. हसले. माणूस हसतो छान, हे मान्य केलं पाहिजे.

शनिवार, ११ जून

मिळाला!!! खांदा भरून आलाय. उद्या लिहीन.

रविवार, १२ जून

आता सगळं नीट लिहितो.

जन्मभर तळ्यात जाळं फेकत आलो, त्या मिजाशीत काठी हातात घेतली — आणि दोरी माझ्याच टोपीत अडकली. मग मागच्या झाडात. तळ्याची मालकीण, वयस्कर चिनी बाई, खुर्चीतून ओरडली, "अंकल, स्लो स्लो ला! फिश नॉट रनिंग अवे!" सुबोधरावांनी मागून माझं मनगट धरलं. "मागे गेलेली दोरी सरळ होऊ द्या, बाबा. मग पुढे." पुन्हा चुकलो. पुन्हा सांगितलं. मी शाळेत शिकवण्यात जन्म घालवला, पण इतक्या शांतपणे मलाही कधी शिकवता आलं नाही.

उन्हं उतरता उतरता दोरी ताणली. काय ओढ! पाण्याबाहेर उसळला तेव्हा माझ्या तोंडून शिवीच गेली. "दोरी सोडा, बाबा! आता गुंडाळा!" — सुबोधराव माझ्याहून मोठ्याने ओरडत होते. जाळीत आला. अडुसष्टाव्या वर्षी, परमुलखात, पिसाच्या माशीवर! छाती फुगणार नाही तर काय होणार?

सवयीने ते मासा सोडायला वाकले. मी म्हटलं, "थांबा, सुबोधराव. हा तुमचा. आमच्याकडे सासरा जावयाला देतो." त्यांनी मासा जाळीतच ठेवला. मग तिथेच, ओल्या फळ्यांवर, माझ्या पाया पडले. मलाही भरून आलं, लपवायचं कशाला.

फोटो पेणला धाडला. धाकटा भाऊ चंद्रशेखर विचारतो — केवढ्याला घेतलास? जळतोय मेला!

रात्री कालवण मीच केलं. चिंच जरा जास्त पडली, पण चव अशी की बोटं चाटावीत. मधली तुकडी सुबोधरावांच्या पानात वाढली. उल्का म्हणाली, "अहो बाबा, सुबोध —" त्यांनी तिला पुरं बोलू दिलं नाही. "वाढू दे गं." एकेक काटा काढत सावकाश खाल्ली. आणि पान पुढे केलं — "बाबा, अजून एक द्या."

एरवी ऑफिसातूनच जेवून येणारा माणूस! हाताला चव आहे माझ्या, उगीच नाही. आता जावई पुरा झाला.

सोमवार, १३ जून

सुबोधराव कामावर गेल्यावर उल्काने सांगितलं. त्यांच्या पुण्याच्या घरात मासा कधी शिजलेला नाही. त्यांनीही परवापर्यंत कधी तोंडात घातला नव्हता.

आणि दुसरी तुकडी मागून घेतली पोराने!