बाबांचा गुरुवार

प्रिय भिंगरी,

तुझं पार्सल मिळालं. माझा स्वेटर अगदी मापात आहे. बाबांचा जरा मोठा झालाय, पण बाजूनं आत घेऊन देते म्हटलं तर अंगातून काढायलाच तयार नाहीत. दुपारच्या उन्हातसुद्धा तोच घालून काठी टेकत गॅलरीत फेऱ्या मारतात. दादाची बदली रद्द झाली, त्यामुळे वहिनी गालातल्या गालात हसत असते. माझं शिवणकाम जोरात आहे. बाकी क्षेमकुशल. आता खरं सांगायचं ते सांगते. विषय गुरुवारचा आहे. पत्र बाजूला ठेवू नकोस.

आपला गुरुवार तुला कसा आठवत असेल, ते मी जाणते. बाबा वजनमापं तपासायच्या कचेरीतून आले, की हातपाय धुऊन साडेसहाला सतरंजीवर. दुकानदाराच्या काट्यातला दोन ग्रॅमचा फरक ज्यांना खपत नसे, त्यांना प्रार्थनेतला काना-मात्रेचा फरक कुठून खपणार? एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही दोघं उंचीप्रमाणे ओळीत बसायचात. दादा तुला कोपरानं ढोसायचा, तू फिस्सकन हसायचीस, की झालं, पुन्हा पहिल्यापासून! मी स्वयंपाकघराच्या दारात, एक कान कुकरच्या शिट्टीकडे. देव त्या खोलीत येत असलाच, तर तोही बिचारा पाठ ताठ करून बसत असेल, असं मला वाटायचं. पण तेव्हा मी तोंड उघडलं नाही. ते उघडायला हवं होतं.

मग तो एक गुरुवार. तू एकोणीस वर्षांची. मधेच थांबून म्हणालीस, "मला यातलं काही पटत नाही, बाबा. मी फक्त तुमच्या भीतीनं बसते." ते म्हणाले, "मग ऊठ. आणि इथं पुन्हा बसू नकोस." इथं म्हणजे सतरंजीवर की घरात, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. तू उठलीस. महिन्याभरात दूरची नोकरी धरलीस. गेली अकरा वर्षं तू येतेस, आमच्या औषधांपासून गळक्या नळापर्यंत सगळं बघतेस, पण येतेस शुक्रवारी आणि जातेस बुधवारी. बाबांच्या दुखण्यातसुद्धा तसंच केलंस. घरात कुणी त्यावर अवाक्षर काढत नाही. पण तू बॅग भरायला घेतलीस, की बाबा उगाच पंख्याचं बटण चालू-बंद करत बसतात, हे तुझ्या कधी लक्षात आलंय का?

अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली, तेव्हा आपला गुरुवारही बंद पडला. दीड वर्ष एकच शब्द, "ते." पाणी हवं तरी "ते", राग आला तरी "ते". बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, चित्रं दाखवायच्या. समोर कप दिसतोय आणि कप म्हणता येत नाही, असं झालं की बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. चार महिन्यांपूर्वी एका गुरुवारी एका कोटाला काजं करता करता मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी एकटीच प्रार्थना म्हणायला लागले. तिसऱ्या ओळीत चुकले. तिथं मी लग्न झाल्यापासून चुकते. आणि खुर्चीतून आवाज आला. अख्खी ओळ, सुरात, एकही शब्द न गाळता! माझी चूक दुरुस्त करायला! दीड वर्ष मुका झालेला माणूस, आणि तोंड उघडलं ते बायकोची चूक काढायला. सुई बोटात गेली तरी मला पत्ता नाही. मी एकदम हसायला आणि रडायला लागले. ते माझ्याहून जास्त दचकले होते. बाई म्हणाल्या, बोलणं अडलेल्या माणसाला कधीकधी गाता येतं.

तेव्हापासून आपला गुरुवार बघायला हवास तू. मी मुद्दाम चुका करते, ते तावातावानं दुरुस्त करतात. वरच्या मजल्यावरचा बसड्रायव्हर माउथऑर्गन घेऊन येतो. त्याला ही चाल अजून नीट जमत नाही, पण तो मनापासून वाजवतो. दादाची मुलगी सोफ्यावर उताणी पडून विचारते, "आजोबा, देवाला दर गुरुवारी तेच ऐकून कंटाळा येत नाही का?" आणि बाबा चक्क मान डोलावतात! बाईंच्या सांगण्यावरून ते आता रोजच्या गोष्टीही त्याच चालीवर म्हणतात. काल मोठ्या भक्तिभावानं गायले, "चहात साखर कमी आहे." ड्रायव्हरनं हात जोडले. खोलीभर हसू पसरलं, आणि मला वाटलं, आज मात्र देव नक्की येऊन गेला असेल.

हे तुला इतके दिवस कळवलं नाही, कारण त्यांनी कळवू दिलं नाही. तुझा फोन आला की मला खुणेनं गप्प करायचे. का, ते परवा कळलं. तीन आठवडे दार लोटून त्यांचं आणि बाईंचं काहीतरी चाललं होतं. कपडे वाळत घालताना खिडकीतून माझ्या कानावर आलं. चाल प्रार्थनेचीच, पण शब्द स्वतःचे: "भिंगरी, माझं चुकलं. प्रार्थनेला बस, नको बसूस, पण गुरुवारी घरी राहा." "राहा"पाशी अजून अडखळतात. फोनवर त्यांना हे जमायचं नाही, माणूस समोर लागतं. म्हणून त्यांच्या नकळत हे पत्र लिहितेय. या खेपेला परतीचं तिकीट गुरुवारनंतरचं काढ. आणि ते गायला लागले, की यातलं तुला आधी काहीच माहीत नव्हतं, असं दाखव. तेवढं माझ्यासाठी कर.

तुझीच,
आई