उमरठची ओटी

ती. आई,

मी ऑफिसच्या कामाला नाही, एकटीच महाबळेश्वर बघायला निघाले होते. तुला खोटं सांगितलं. आंबेनळी घाटात दरड आली आणि एसटीने आम्हाला पोलादपूरला उतरवलं. स्टँडवर शेजारी बसलेल्या प्रयागबाई म्हणाल्या, "एकटी कुठं ऱ्हाशील गो? चल घरी." माझं नावही न विचारता! आणि मी चक्क त्यांच्या मागे उमरठला गेले.

जेवताना मात्र त्यांनी आडनावापासून पगारापर्यंत सगळं विचारलं. मला रागच आला. नवऱ्याचं विचारलं तेव्हा "वारला" एवढंच म्हणाले.

सकाळी निघताना त्या तांदूळ-नारळ घेऊन आल्या. "ओटी धर."

मी दचकून मागे सरले. "अहो मावशी, काल सांगितलं ना, मला नवरा नाही."

"ऐकलंय मी. माझा तरी कुठं हाय?"

कालपासून समोर असलेलं त्यांचं मोकळं कपाळ मला तेव्हा कुठे दिसलं.

"बाईमानूस दारातून रिकामं जात नाय," त्या म्हणाल्या. जीन्सवाल्या मला पदर कुठला? त्यांनी माझ्या हातांवर टॉवेल पसरला आणि त्यातच ओटी भरली. खाली सांडलेले तांदूळही मी वेचून घेतले.

घाट मोकळा झालाय, पण मी नारळ मांडीवर घेऊन स्टँडवरच बसलेय. तुझ्या हळदीकुंकवाला मी स्वयंपाकघरात मसाला दूध ढवळत असते आणि बाहेर तू लोकांच्या लेकींच्या ओट्या भरतेस. मला वाटायचं, रीतच आहे.

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच लिहवतंय. आई, तुझ्या दारातून मी दरवेळी रिकामी जाते गं.

तुझीच,
चारुशीला