सफरचंदाची खालची फांदी

हार्डांगर, ७ मे

ती. ओशिल्डताईस,
सा. न. वि. वि.

बर्फ वितळलं, अंगण मोकळं झालं. डोकं मात्र माझं गोठलंय. इंगुनने फोनवर स्पष्टच सांगितलं की, बाबा, गेल्या उन्हाळ्यात आयलिफ तुमच्याकडे नुसता झाडाखाली उभा असायचा, कंटाळला पोरगा. यंदा चढायला काही नसेल तर त्याला सासूबाईंकडे ठेवीन. तिथे दोरांची जाळी आहे. एकुलता एक नातू, आणि तो जाळीत अडकून जावा!

मुलांच्या खेळसामानाचं दुकान पालथं घातलं. एका शिडीच्या पायऱ्यांतून सहा वर्षांच्या पोराचं डोकं आत जाईल, बाहेर येणार नाही. दुसरीचे बोल्ट गुडघ्याच्याच उंचीवर बाहेर आलेले. तिसरी प्लॅस्टिकची, पहिल्या वाऱ्यात फ्योर्डच्या पाण्यापलीकडे पोचेल. विक्रेता म्हणतो, काका, मुलं चढतात, मोजत बसत नाहीत. म्हटलं, म्हणूनच मला मोजावं लागतं. मला कुणी सुतारकाम शिकवलं नाही, तरी मी बांधलेली एकही होडी गळत नाही; हेही मीच बांधीन.

तूच सांग, चढायला कमान बांधू की मनोरा?

तुझा वैतागलेला,
तोर्गाइर

बर्गन, १९ मे

चि. तोर्गाइर यास,
अनेक आशीर्वाद.

तू असाच निवडत राहिलास तर आयलिफ दाढी करून चढायला येईल. अरे, त्यालाच विचार ना! ईस्टरला माझ्याकडे आला होता तेव्हा तुझ्या सफरचंदाच्या झाडाबद्दल काहीतरी सांगत होता. मी वाफल भाजत होते, अर्धंच ऐकलं. गुडघ्याला तेल लावतोस का? माया आहेच, ती कळवायला फोनही करत जा.

तुझी,
ओशिल्डताई

हार्डांगर, ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोराला काय विचारायचं? त्याला बोल्टमधलं काय कळतं? शेवटी मनोरा मीच बांधला. प्रत्येक कड घासली, खाली वाळू टाकली. पोरगा पडलाच तर चहूबाजूंनी मोकळी जागा हवी, म्हणून सफरचंदाची खालची आडवी फांदी कापली. इंगुनच्या सासूबाईंना म्हणावं, आता दाखवा अशी जाळी! तुझी शाबासकी हवी, तेल लावतो.

तोर्गाइर

हार्डांगर, ३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आयलिफ आला. मनोरा छान आहे म्हणाला आणि सरळ झाडाखाली गेला. आजोबा, माझी फांदी कुठंय, म्हणून विचारलं. गेल्या उन्हाळ्यात तो कंटाळला नव्हता गं; फांदीला हात पोचतो का, ते रोज बघत होता. यंदा नक्की पोचलो असतो म्हणाला.

उचलून झाडावर ठेवतो म्हटलं, तर उलट मलाच सुनावलं की उचललेलं धरत नाहीत, आपण चढू तेवढंच आपलं. एवढंही ठाऊक नाही? खरंय, हे तर तुला-मला आईनेच शिकवलेलं.

मग त्यानेच सरपणातून ती फांदी ओढत आणली आणि खोडाला टेकवली. तिरपी, डुगडुगणारी. माझे हात शिवशिवत होते. खिशात कोंबले. तो चढला. वरून ओरडून म्हणाला की इथून मनोरा एवढुस्सा दिसतो.

संध्याकाळी त्याने इंगुनला फोनवर बजावलं की पुढच्या वर्षीही इथेच यायचं, फक्त आजोबांच्या हाती करवत द्यायची नाही.

करवत पार्सलने पाठवतोय. माझ्यावरच्या लोभासारखी तीही तुझ्याकडेच जपून ठेव.

तुझा,
तोर्गाइर